तेलाची वाटी घेण्याआधी कुत्र्याचं अंग बघा

थंडी पडली की आमच्या दुकानात हरभऱ्याच्या अळीच्या औषधाबरोबर आणखी एक मागणी सुरू होते. “ताई, मन्हा कुत्राले खरूज व्हयनी, काही फवारानं दे ना.” अमळनेरला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. यांच्याबरोबर मीही काउंटरवर बसते आणि आमच्या घरी टिप्या आहे हे गिऱ्हाइकांना माहीत आहे, म्हणून कुत्र्याचा विषय निघाला की तो माझ्याकडे येतो. फवारणीचं मी काहीच देत नाही. नेमकं काय होतंय ते विचारते, मोबाइलमधला फोटो बघते आणि मला कळतं तेवढं सांगते. तेच आज जरा निवांत लिहिते आहे.

आधी फवारणीचंच बोलू. पिकावरचं औषध बादलीभर पाण्यात टाकून कुत्र्याला आंघोळ घालू बघणारा माणूस वाईट नसतो. बैलांच्या अंगावर गोचिडांचं औषध मारतात, मग कुत्र्यालाही चालत असेल, असं त्याला वाटतं. पण क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस असली औषधं कातडीतूनही अंगात भिनतात, आणि कुत्रा तर दिवसभर अंग चाटत असतो. लाळ गळायला लागते, पाय थरथरतात, झटके येतात आणि डॉक्टर गाठेपर्यंत जीव जाऊ शकतो. बैलांसाठीच्या गोचिडाच्या औषधाचंही तेच. कुत्र्याला ते चालेल का, किती पातळ करायचं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. रॉकेल आणि गाडीचं जळकं ऑइल हे तर गावोगावी चालणारे उपाय. त्याने कातडी भाजते आणि चाटलेलं पोटात जातं ते वेगळंच. या बाबतीत मी कोणाची भीड धरत नाही. कितीही जुनं गिऱ्हाईक असलं तरी नाही म्हणजे नाही.

आता थंडीचं. आपल्या खानदेशात हिवाळा कोरडा असतो. दुपारी पारा २८-३० अंशांवर आणि पहाटे दहाच्याही खाली. धुळ्याकडे तर कधी कधी त्याहूनही बराच खाली जातो. पाऊस केव्हाच संपलेला, हवेत ओल नाही, वारं उत्तरेचं. आपल्या टाचा फुटतात, ओठ उलतात. कुत्र्याची गतही वेगळी नसते, फक्त केसांमुळे ती आपल्याला दिसत नाही. केसांमुळेच त्याची कातडी जाड वाटते, पण आहे ती आपल्यापेक्षा पातळ. माणसाच्या वरच्या कातडीत पेशींचे साधारण १० ते १५ थर असतात, कुत्र्याच्या कातडीत ३ ते ५. पेशींच्या मधे जो स्निग्ध अंश असतो तो आतली ओल धरून ठेवतो. सारवलेल्या अंगणावर वेळेवर हात फिरला नाही की पोपडे सुटतात, तसं हा स्निग्ध अंश कमी झाला की कातडीचे पापुद्रे निघतात. तोच कोंडा. मग खाज, खाजवून ओरखडे, ओरखड्यांत जंतू, आणि पुन्हा खाज.

कुत्र्याची वरची कातडी पूर्ण नवी व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून कुठलाही चांगला उपाय दिसायला महिनाभर तरी जातोच. एका इंजेक्शनात दोन दिवसांत खाज बंद झाली असं कुणी सांगितलं, तर त्यात स्टेरॉइड होतं का ते मी आधी विचारते. स्टेरॉइड वाईट नाही, डॉक्टर गरज पडल्यावर देतात. पण खाजेचं कारण शोधल्याशिवाय ते पुन्हा पुन्हा घेत राहणं वाईट.

कोरडेपणा आणि खरूज यांतला फरक घरीही बराचसा ओळखता येतो. त्यासाठी कुत्रा उन्हात हवा आणि आपल्याला घाई नको. आमचा टिप्या गावठी, तांबूस, पोटाखाली पांढरा. दुपारचं जेवण झालं की मी त्याला ओट्यावर घेते. शेपटीकडून मानेकडे उलट्या दिशेने केस फिरवत जायचं, म्हणजे कातडी उघडी पडते. कातडी फिकी आहे, लाली नाही, वास नाही, फक्त पाठीवर पिठासारखा बारीक पांढरा कोंडा आहे आणि केस राठ झालेत, तर हा बहुतेक थंडीचा कोरडेपणा. हा कोंडा थोडा वेळ टक लावून बघा. त्यातले कण स्वतःहून हलताना दिसले तर तो कोंडा नव्हे, एक प्रकारच्या बारीक किडी आहेत, आणि त्यांना तेल-शाम्पूने काही होत नाही.

मग उवांची बारीक फणी घ्यायची आणि शेपटीच्या बुडाशी, ढुंगणावर फिरवायची. फणीत काळे बारीक कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर टाकायचे. माती असेल तर काळीच राहते. कणाभोवती विटकरी-तांबडं पसरायला लागलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. पिसू स्वतः दिसो न दिसो, ती आहे. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी असते, मग थोड्याशा पिसवांनीही पाठीचा मागचा भाग ते चावून चावून सोलून काढतात.

त्यानंतर कान. कानाच्या पाळीची कड अंगठा आणि बोटाच्या मधे धरून हळू चोळायची. तेवढ्यात मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला, आणि कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे, पोट इथले केस गेलेले असले, तर खऱ्या खरजेचा संशय धरायचा. घरातल्या माणसांच्या हातावर किंवा पोटावर खाजऱ्या लाल पुळ्या उठल्या असतील तर संशय आणखी पक्का. ही खरूज एका कुत्र्याकडून दुसऱ्याला झपाट्याने लागते. डोळ्यांभोवती, तोंडाच्या कडेला, पुढच्या पायांवर केस गेलेत पण खाज फारशी नाही, असं पिल्लात दिसलं तर ती वेगळ्या किडीची खरूज. ती दुसऱ्या कुत्र्याला किंवा माणसाला लागत नाही. गोल चट्टा, कडेला खवले, मधे टक्कल, हा बहुधा नायटा. तो लेकरांना लागू शकतो, म्हणून तोवर कुत्र्याला कुशीत घेऊन झोपू द्यायचं नाही. कातडी काळी, जाड, तेलकट झालीय आणि खवट वास येतोय, तर बुरशी वाढली आहे.

इथेच तेलाचा प्रश्न येतो. अमळनेर तेलाचं गाव. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. आमच्याकडे कातडीच्या कुठल्याही तक्रारीवर पहिला उपाय तेलच असतो. लेकराचं डोकं, म्हातारीचे गुडघे, बैलाचं खांदं, सगळ्याला तेल. सासूबाईही टिप्याला बघून म्हणतात, “आंगले तेल चोपडी दे, मव व्हई जाई.” नुसता कोरडेपणा असेल तर त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण वर सांगितलेली बुरशी स्निग्ध पदार्थांवरच पोसते. तिथे तेल चोपडणं म्हणजे तिला जेवू घालणं. खरजेच्या किडी कातडीत बीळ करून राहतात, त्यांच्यापर्यंत खोबरेल पोहोचत नाही. उलट तेलावर माती बसते, केसांच्या गाठी होतात आणि आतली जखम दिसत नाही. म्हणून आधी बघायचं, मग वाटी घ्यायची.

आणि घ्यायचीच तर थेंबांत. साधं खोबरेल चार-पाच थेंब तळहातावर चोळून कोपरं, नाकाचा फुटलेला शेंडा, पायाच्या गाद्या एवढ्याच जागी लावायचं, आणि पाच-दहा मिनिटं कुत्र्याला फिरवायचं किंवा खेळवायचं, म्हणजे तो लगेच चाटत बसत नाही. वासाचं केशतेल नको. टी ट्री ऑइल तर अजिबात नको, ते कुत्र्याला विषारी आहे. टाचांच्या भेगांची मलमंही नकोत, त्यात कुठे सॅलिसिलिक ॲसिड असतं, कुठे झिंक ऑक्साइड, आणि दोन्ही पोटात जाणं धोक्याचं. गाद्या जास्तच फुटल्या असतील तर साधं व्हॅसलीन रात्री पातळसं लावलं तरी पुरतं.

आंघोळीचं मात्र लोकांना पटवणं अवघड जातं. अंग खाजतंय म्हणजे घाण झालंय, असं समजून दर रविवारी कुत्र्याला नळाखाली धरतात आणि कपड्याच्या वडीने घासतात. आपल्या कातडीचा सामू (पीएच) साधारण ५.५ च्या आसपास, कुत्र्याच्या कातडीचा त्याहून वर, सातच्या जवळपास. कपड्याची वडी, अंगाचा साबण यांचा सामू ९-१० पर्यंत असतो. उरलासुरला स्निग्ध अंश त्यात धुऊन जातो. त्यात आपल्याकडे बोअरचं पाणी जड. बादलीला, गिझरला पांढरा थर बसतो ना, तेच क्षार साबणाशी मिळून चिकट साका होतो आणि केसांच्या मुळाशी राहून खाज वाढवतो. कोरडेपणा असलेल्या कुत्र्याला हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांतून एक आंघोळ पुरे, तीही कुत्र्यासाठीच्या सौम्य शाम्पूने. नळाचं किंवा नदीचं पाणी मिळालं तर बोअरपेक्षा बरं. पाणी कोमटच. आपल्याला थंडीत अंगावर बरं वाटतं तेवढं कढत पाणी त्याची कातडी आणखी कोरडी करतं.

शाम्पूशिवाय खाज शमवायची असेल तर ओट्स. किराणा दुकानातले साधे घ्यायचे, मसाल्याचे नाही. मिक्सरमधून अगदी बारीक करायचे. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून बघा, पाणी दुधाळ झालं आणि तळाशी गाळ बसला नाही म्हणजे बारीक झाले. वाटीभर पीठ अर्ध्या बादली कोमट पाण्यात कालवायचं आणि आंघोळ झाल्यावर मगाने पाठीवर, पोटाखाली, काखेत ओतत राहायचं. दहा मिनिटं तसंच ठेवून साध्या पाण्याने धुवायचं. ओट्समध्ये दाह आणि खाज कमी करणारी द्रव्यं असतात, ही काही नुसती समजूत नाही. टिप्याला आंघोळ मुळीच आवडत नाही, पण हे पाणी पोटाखाली ओतताना तो मान खाली घालून शांत उभा राहतो. मात्र बुरशीचा वास येत असेल तर ओट्सही नको, तिथे डॉक्टरांनी दिलेला औषधी शाम्पू. तो लावून दहा मिनिटं ठेवला नाही तर त्याचा उपयोग नाही, हे बाटलीवर लिहिलेलं असतं आणि फार थोडे लोक वाचतात.

आंघोळ दुपारी बारा-एकला उरकायची, म्हणजे ऊन मिळतं. जुन्या लुगड्याच्या कापडाने बोटांच्या मधे, काखेत, कानामागे पुसून घ्यायचं. आंघोळीआधी फणी फिरवायची, नंतर नाही, कारण ओले केस ओढले की मुळं दुखतात. आंघोळ नसेल त्या दिवशीही फणी फिरवावी. मेलेले केस निघतात आणि कातडीतलं तेल केसभर पसरतं. फुकटातला हा सगळ्यात चांगला उपाय आहे असं माझं ठाम मत आहे.

पण वरून काहीही करा, ताटात काय पडतं त्यावर खरं ठरतं. आपल्याकडे कुत्र्याचं जेवण म्हणजे भाकरी आणि दूध, नाहीतर पोळी कुस्करून आमटीचं पाणी. पोट भरतं, पण कातडीला लागतं ते त्यात नसतं. केस हे जवळजवळ सगळे प्रथिनांचे, म्हणून अंडं, कोंबडीचं उकडलेलं मांस, ताजं पनीर यांतलं काहीतरी रोज हवं. दुसरं, नुसत्या धान्यावर वाढणाऱ्या कुत्र्याला जस्त कमी पडतं. धान्यात जस्त असतं, पण त्यातलं फायटेट ते धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, कोपरांवर खपल्या धरलेलं पिल्लू कोणी दाखवलं की मी आधी विचारते, खायला काय देता? बऱ्याचदा उत्तर येतं, भाकरी.

तिसरं तेल, पण हे पोटातून. कुत्र्याच्या अंगात लिनोलेइक आम्ल तयार होत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं, आणि केसांची तकाकी त्यावर असते. आपल्या जुन्या करडईच्या तेलात ते ७० टक्क्यांच्याही वर असतं, सूर्यफुलातही भरपूर. टिप्याएवढ्या, म्हणजे पंधरा-सतरा किलोच्या कुत्र्याला जेवणात रोज छोटा चमचा कच्चं तेल पुरतं. एकदम जास्त घातलं की जुलाब, आणि जाड्या कुत्र्याला स्वादुपिंडाचा त्रास. जवसाचं लोक विचारतात. भाजून कुटलेला जवस थोडा द्यायला हरकत नाही, पण त्यातलं ओमेगा-३ कुत्र्याच्या शरीरात उपयोगी रूपात फार थोडं बदलतं. खाज आणि सूज कमी करायचं काम माशाच्या तेलातलं ओमेगा-३ जास्त चांगलं करतं. बाजारात बर्फातला बांगडा येतो, तो उकडून काटे काढून द्यावा. घरात मासे चालत नसतील तर माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, वजनाप्रमाणे किती ते डॉक्टरांना विचारून. कॉड लिव्हर ऑइल म्हणजे ते नव्हे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व फार असतं, रोज दिलं तर अंगात साठून बाधतं. आणि धीर ठेवावा लागतो, या सगळ्याचा परिणाम दीड-दोन महिन्यांनी दिसतो.

हिवाळ्यातच भरिताचे बेत असतात. मळ्यात काट्याकुट्यांवर वांगी भाजली जातात, कळण्याच्या भाकरी होतात आणि उरलेलं भरीत प्रेमाने कुत्र्यापुढे टाकलं जातं. कृपा करून टाकू नका. त्यात कांद्याची पात आणि लसूण ठेचून घातलेला असतो, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. जवसाच्या चटणीतही लसूण असतो. त्याला नुसती भाकरी आणि वर अंडं द्या.

पाणीही बघा. थंडीत कुत्री पाणी कमी पितात, भांडं पहाटे बर्फासारखं गार असतं. सकाळी कोमट पाणी बदलून ठेवलं आणि जेवण जरा पातळ केलं तरी फरक पडतो.

राहिलं झोपण्याचं. रात्री गल्लीत पऱ्हाट्यांची शेकोटी पेटते, टिप्या तिथे इतका जवळ जाऊन बसतो की केसांना हात लावला तर चटका बसतो. जाळाने कातडी कोरडी पडते, म्हणून त्याला मागे ओढावं लागतं. शेकोटी विझली की कुत्री त्या उबदार राखेत वळकटी करून झोपतात. लाकडाची राख अल्कधर्मी असते, आधीच भेगाळलेल्या पोटाला ती झोंबते. त्यांना उब मिळाली की ती राखेत जात नाहीत, म्हणून ओट्यावर जुनी गोधडी घालते. ती ट्रंकेतून काढून तशीच घालायची नाही. वर्षभर घडी पडलेल्या गोधडीत धुळीतले बारीक जीव असतात, काही कुत्र्यांची खाज निव्वळ त्यांच्यामुळे असते. शिवाय ट्रंकेतल्या डांबर गोळ्या कुत्र्याने खाल्ल्या तर विषबाधा होते. गरम पाण्यात धुऊन दोन उन्हं दाखवायची. आणि खताच्या रिकाम्या गोण्या कुत्र्याखाली घालू नका, धुतल्या तरी शिवणीत खत राहतं. हे मी दुकानात गोण्या मागायला येणाऱ्यांनाही सांगते आणि पोतं लागलंच तर धान्याचं देते.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं? रक्त येईपर्यंत खाजवतोय, चट्टे पडलेत, वास येतोय, जेवण सोडलंय, घरातल्या कोणाला पुळ्या आल्यात, किंवा महिनाभर नीट करूनही फरक नाही, तर थांबू नका. कातडी थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की किडी आहेत का ते बऱ्याचदा तिथल्या तिथे कळतं. आता चघळायच्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या गोचीड-पिसवांवर आणि खरजेच्या किडींवरही चालतात. वजनाप्रमाणेच द्यायच्या, आणि कुत्र्याला कधी फेफरं आलं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. ढोरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचू नका. कॉली जातीच्या आणि तिच्या मिश्र कुत्र्यांत ते मेंदूपर्यंत पोहोचतं आणि जीवावर बेततं.

आमच्या शेजारच्या ब्रूनोचं प्रकरण अजून चालू आहे. लॅब्राडोर, वय सात. दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ झालेत, खाज फारशी नाही, खाणं तेवढंच आणि वजन वाढतंय, दिवसभर झोपून असतो. वहिनींनी थंडीचं म्हणून तेल लावून पाहिलं होतं. मी केस फिरवून बघितले, कोंडा आहे पण कीड नाही, पिसू नाही. मध्यमवयीन कुत्र्यात असं दिसलं की थायरॉइड बघायला हवं, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त तपासणीला गेलंय. रिपोर्ट आला की वहिनींना विचारून इथेच खाली लिहीन.